अडीच हजार घ्या, पण सिनेमा द्या

गेल्या मे महिन्यात आजी आठवडाभर आमच्याकडे नाशिकला राहायला आली होती. ती निफाड तालुक्यातली. एकदा रात्री जेवताना सिनेमाचा विषय निघाला आणि तिने सांगितलं, की लग्नाच्या आदल्या वर्षी गावच्या यात्रेत, तंबूत बसून तिने 'सांगत्ये ऐका' पाहिला होता. घरी न सांगता, मैत्रिणीबरोबर. परत आल्यावर मार खाल्ला. "पण बुगडीचं गाणं पाहून आले," असं म्हणताना ऐंशी वर्षांची बाई चक्क लाजली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. असल्या वेळी माझा हात आपोआप फोनकडे जातो. दोन मिनिटांत सिनेमा सापडला, टीव्हीवर लावला. करड्या धुक्यात काही माणसं हलताना दिसत होती. कोपऱ्यात कुठल्याशा चॅनेलचा गोल शिक्का, खाली पळणारा मोबाईल नंबर. आजी काही बोलली नाही. गाणं आलं, जयश्री गडकर आल्या, आशाबाईंचा आवाज आला आणि आजी सोफ्यावर पुढे सरकून बसली. अर्ध्या मिनिटाने म्हणाली, "अरे, पाय कुठं गेले तिचे? पायच दिसंना. मग नाचती कशावर?"

पाय कुठे गेले ते मला माहीत होतं. जुन्या सिनेमाची चौकट जवळपास चौकोनी असते, रुंदी चार आणि उंची तीन. आपले टीव्ही आणि आडवे धरलेले फोन सोळाला नऊ. कडेला काळे पट्टे दिसू नयेत म्हणून कुणीतरी चित्र मोठं करून वरून-खालून छाटलं होतं. गणित केलं तर जवळपास पाव चित्र जातं. लावणीत चित्र खालून छाटलं की काय जातं? पाय जातात. तमाशाप्रधान सिनेमातली लावणी आपण पायांशिवाय जपून ठेवली आहे आणि तिला 'आपला वारसा' म्हणतो आहोत.

हा लेख त्या पायांबद्दल आहे. आणि पैशांबद्दल.

माझे पैसे घ्यायला कुणी तयार नाही

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, बरा पगार मिळतो. फोनवर चाळीस हजार खर्च करताना मी दोन दिवस विचार करतो, चाळीस दिवस करत नाही. माझ्यासारखे नाशकात, पुण्यात, बंगळुरूत आणि न्यू जर्सीत पुष्कळ आहेत. आम्हाला कुणी 'सिंहासन' नीट स्कॅन करून, सगळा आवाज स्वच्छ करून, इंग्रजी सबटायटल्स देऊन, सोबत पुस्तिका घालून अडीच हजारांना दिला, तर आम्ही घेऊ. 'सामना' घेऊ, 'उंबरठा' घेऊ, 'जैत रे जैत' घेऊ. 'संत तुकाराम'साठी तर मी पाच हजारही देईन, कारण १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झालेला सिनेमा मी आजवर फक्त फुटलेल्या आवाजात पाहिलेला आहे.

'सिंहासन'चंच घ्या. १९७९चा सिनेमा. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री, निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस. २०१९च्या नोव्हेंबरात आणि २०२२च्या जूनमध्ये राज्यात जे काही चाललं होतं, तेव्हा तुमच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर दिगू आला होता. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही महाराष्ट्राला स्वतःच्या राजकारणाबद्दल बोलायला हाच सिनेमा लागतो. पण तुमच्या फोनवर आलेल्या त्या दिगूचं तोंड नीट दिसत होतं का? चार वेळा कॉपी झालेल्या मीमची फोटोकॉपी होती ती.

आमच्या घरी 'सिंहासन'ची डीव्हीडी होती. बाबांनी हौसेने आणली होती. कोविडच्या सुट्टीत मी ती काढली, तर चकतीवर बुरशीसारखे डाग आणि मध्यंतरानंतर चित्र गोठलेलं. घरातल्या एकाही लॅपटॉपला आता चकतीचा ड्राइव्ह नाही, म्हणून जुना प्लेअर माळ्यावरून उतरवला होता. एवढं करून अर्धा सिनेमा मिळाला. पुन्हा विकत घ्यायची तयारी होती, पण तेवढी चांगली आवृत्ती काही सापडली नाही.

"मार्केट नाही"

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचाच हिशोब करून ठेवला आहे.

मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली सुमारे २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. भागाकार करा. एका चित्रपटामागे सरासरी साडेसोळा लाख. ही सरासरी आहे. ज्याची निगेटिव्ह सडली आहे त्याला कितीतरी जास्त लागतील, ज्याची चांगली आहे त्याला कमी. पण अंदाज यायला आकडा पुरेसा आहे.

आता दुसरा हिशोब. एक हजार माणसं गुणिले अडीच हजार रुपये, म्हणजे पंचवीस लाख. बारा-तेरा कोटींच्या राज्यात, जगभर पसरलेल्या मराठी माणसांत, 'सिंहासन'साठी एक हजार माणसं मिळणार नाहीत? एखाद्या बऱ्यापैकी सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मोजा आणि मग मला सांगा मार्केट नाही म्हणून.

आणि ही पद्धत आपल्याला कुणी अमेरिकेतून शिकवायची गरज नाही. 'प्रकाशनपूर्व सवलत' हा शब्द मराठी वाचकाच्या घरात जन्मलेला आहे. जाडजूड कोश, चरित्रं, खंड छापायच्या आधी नोंदणी करा, पैसे भरा, सहा महिन्यांनी (कधी दोन वर्षांनी) पुस्तक घ्या. आमच्या घरात अशी आगाऊ पैसे भरून आलेली पुस्तकं कपाटभर आहेत. मराठी माणूस न छापलेल्या पुस्तकाचे पैसे आधी देतो, पण बनून पन्नास वर्षं झालेल्या सिनेमाचे देणार नाही, हे कुणी ठरवलं? त्याला कधी विचारलं?

सिनेमातही हे झालेलं आहे. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगलांचा 'मंथन' उभा राहिला. २०२४ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेली त्याची फोर-के आवृत्ती कानच्या महोत्सवात दाखवली गेली, मग आपल्या शहरांतल्या थिएटरांतही लागली. त्यात स्मिता पाटील आणि गिरीश कर्नाड आहेत. हेच दोघं १९८२च्या 'उंबरठा'मध्येही आहेत. एकाच नटीचा एक सिनेमा लख्ख आणि दुसरा धुरकट. फरक अभिनयात नाही. एका सिनेमाच्या मागे त्याचे मूळ मालक, म्हणजे दूधवाल्यांची संस्था, पैसे घेऊन उभी राहिली. दुसऱ्याच्या मागे आपण आहोत, आणि आपण त्याच्यावर फेसबुकवर पोस्ट लिहितो.

"यूट्यूबवर आहे की"

आहे. आजीलाही तेच दाखवलं मी.

थोडं तांत्रिक बोलतो, सोपं आहे. तुम्ही पाहता त्यातले कितीतरी जुने मराठी सिनेमे मुळात व्हीसीडीवरून चढवलेले आहेत. व्हीसीडीच्या चित्रात ३५२ गुणिले २८८ ठिपके असतात, म्हणजे साधारण एक लाख. डीव्हीडीत चार लाखांच्या वर. फोर-के स्कॅनमध्ये अठ्ठ्याऐंशी लाख. आणि पस्तीस मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये तेवढा तपशील खरोखर असतो, आपण तो कल्पनेने भरत नाही. म्हणजे १९५९ साली कॅमेऱ्याने जे टिपलं त्याच्या सत्त्याऐंशी ठिपक्यांतला एक ठिपका आपण पाहतो आहोत आणि वर म्हणतो आहोत की 'जुने सिनेमे असेच असायचे, तेव्हा टेक्नॉलॉजी नव्हती'. तेव्हा टेक्नॉलॉजी होती. पुसट कॅमेरा नव्हता, पुसट आपली कॉपी आहे.

"सहा इंचाच्या फोनवर फरक कुठे कळतो?" असं माझा एक मित्र म्हणतो. कळतो. काळ्यापांढऱ्या सिनेमात सावलीतला चेहरा दिसतो की नाही, हे छोट्या स्क्रीनवर जास्तच कळतं. आवाज तर फोनवर कानातच असतो. आणि छाटलेले पाय कुठल्याही स्क्रीनवर परत येत नाहीत.

ओटीटीचं काय? तिथे काही जुने मराठी सिनेमे येतात आणि एक दिवस करार संपला की गुपचूप जातात. तुम्ही महिन्याचे पैसे भरत राहता, तुमच्या हातात काही राहत नाही. पुस्तकाच्या दुकानदाराने रात्री घरी येऊन कपाटातलं पुस्तक परत नेलं तर आपण त्याला चोर म्हणू. इथे आपण 'अटी मान्य' दाबून बसलेलो असतो.

फाळक्यांच्या गावातून

मी हे नाशिकहून लिहितो आहे, म्हणून मला जास्त लागतं. फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, १८७०मध्ये. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ला लागला आणि त्यानंतर त्यांनी आपलं बिऱ्हाड नाशिकला आणलं. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली, तिचे मूकपट इथेच बनायचे. म्हणजे भारतातल्या पहिल्या सिनेमा-गावांपैकी एक हे गाव. फाळके १९४४ला वारलेही इथेच.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. शाळेत असताना आम्ही सहलीला गेलो होतो. कारंजं पाहिलं, डबे खाल्ले, लेण्यांच्या पायऱ्या चढलो. फाळक्यांचा सिनेमा आम्ही पाहिला नाही आणि पन्नास पोरांतल्या एकानेही 'सिनेमा कुठाय?' असं विचारलं नाही. आमचं ते वय नव्हतं म्हणू. पण मोठे झाल्यावर तरी कुणी विचारलं? आपण त्यांच्या नावाचा पुरस्कार वाचतो, मराठी माणसाने सिनेमा आणला म्हणून छाती फुगवतो. आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी दोनच उरली आहेत. तीही १९१३ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. 'लंकादहन'चे फक्त तुकडे राहिले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' गेला. जे उरलंय त्यातलं बरंचसं पी. के. नायर नावाच्या एका माणसाने शोधून, मागून, गोळा करून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आणलं म्हणून उरलं. संग्रहालय स्थापन झालं १९६४मध्ये. तोपर्यंत मूकपटांचा काळ संपून तीस वर्षं झाली होती आणि कितीतरी रिळं चांदी काढून घेण्यासाठी भंगारात गेली होती. फिल्मवर चांदीचा थर असतो. त्या चांदीला किंमत होती. चित्राला नव्हती.

ही जुनी गोष्ट झाली म्हणावं, तर जानेवारी २००३ आठवा. पुण्यात एफटीआयआयच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की विझवणं जवळपास अशक्य, ती जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडते. प्रभातचे सिनेमे जिथे बनले तिथेच जुन्या सिनेमांची मूळ रिळं जळाली.

आमच्या धंद्यात ज्युनिअर पोराला पहिल्या महिन्यात एक नियम शिकवतात. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. कुठल्याशा कंपनीच्या हजेरीपटासाठी आम्ही हे करतो. दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० चौकटी असतात. फोर-केमध्ये एकेक चौकट पन्नास एमबी धरली तर सगळा सिनेमा साडेआठ-नऊ टीबीत बसतो. तेवढी हार्ड डिस्क एका फोनच्या किमतीत मिळते. पूर्ण सिनेमाची शुद्ध प्रत माझ्या पँटच्या खिशात मावेल. हजेरीपटाला तीन प्रती आणि 'उंबरठा'ला?

दुसऱ्या गावातली प्रत काय करू शकते, याचं मराठी उदाहरण आहे. 'घाशीराम कोतवाल', १९७६. एफटीआयआयमधून बाहेर पडलेल्या मुलांनी सहकारी तत्त्वावर केलेला सिनेमा, पटकथा तेंडुलकरांची, ओम पुरींची सुरुवातीची भूमिका. तो आज पाहता येतो, कारण त्याची एक प्रत बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेकडे राहिली आणि तिथल्या लोकांनी ती डिजिटल केली. पुण्याच्या नाना फडणवीसाचा सिनेमा जर्मनांनी सांभाळला. 'आमची अस्मिता' असं म्हणायचा हक्क यात नेमका कुणाचा?

आणि जळालेलंही परत येतं, कुणी किंमत मोजली तर. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या लॅबच्या आगीत सापडल्या. पुढे बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी होरपळलेल्या फिल्मचा वाचलेला भाग हाताने दुरुस्त केला, बाकीचं इतर प्रतींतून घेतलं. २०१५ साली अमेरिकेत क्रायटेरियनने त्याचा महागडा संच काढला. लोकांनी तो घेतला. बंगाली न येणाऱ्यांनी घेतला.

माझ्यावरचे आक्षेप

पहिला आक्षेप मीच घेतो. मी स्वतः टेलिग्रामवरून सिनेमे उतरवले आहेत. कॉलेजात असताना हार्ड डिस्क भरली होती. तेव्हा पैसे नव्हते, आज आहेत, सवय मात्र गेलेली नाही. 'फुकट मिळतंय तर' हे वाक्य आपण सगळेच म्हणतो आणि मग निर्मात्याचे वारस म्हणतात, 'कोण विकत घेणार?' दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मध्ये डब्यातली फिल्म व्हिनेगरसारखा वास सोडत आकसत जाते. तो वास म्हणजे ॲसिटेट सडायला लागल्याची खूण असते. एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, फक्त थंडीत हळू होतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. अडीच हजारांचा सिनेमा म्हणजे श्रीमंतांची चैन. कपाटात लावायला पेट्या. निफाडच्या आजीला त्याचा काय उपयोग?

तिच्यासाठीच तर मी हे म्हणतो आहे. माझी मागणी साधी आहे: पेटी महाग करा, सिनेमा स्वस्त करा. ज्याला चकती, पुस्तिका, पोस्टर, मुलाखती हव्यात त्याने जास्त मोजावेत आणि त्या पैशांत झालेलं शुद्ध चित्र सगळ्यांना फुकट किंवा तिकिटाच्या दरात मिळावं. संग्राहकाची हौस ही सगळ्यांची वर्गणी व्हावी. गावजेवणात कुणी तुपाचा डबा देतो, कुणी साखरेचं पोतं, पंगतीत मात्र सगळे बसतात. फक्त स्वतःच्या कपाटासाठी दुर्मीळ प्रत हवी असणारा आणि तिची दुसरी प्रत कुणाला मिळू नये म्हणून झुरणारा संग्राहक माझा मित्र नाही. दुर्मीळपणाला किंमत देणारा माणूस सिनेमाचा शत्रू असतो, कारण सिनेमा दुर्मीळ राहण्यातच त्याचा फायदा असतो.

आणि कायदाही बराचसा आपल्या बाजूने आहे. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. 'श्यामची आई' १९५३चा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा. चित्रपट म्हणून त्याचे हक्क २०१३ अखेर संपले. 'सांगत्ये ऐका'चे २०१९ अखेर. पटकथा आणि गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात, तो भाग वकिलांनी सोडवावा. पण ज्या सिनेमाचा मालक आता जनता आहे, तो जनतेच्या करातून दुरुस्त झाल्यावर जनतेला का मिळू नये? महोत्सवात एकदा दाखवला, टाळ्या झाल्या, फोटो आले, डबा परत कपाटात. हा वारसा जपणं झालं की नुसता कुलूपबंद करणं?

तर मागणं असं आहे

एक, संग्रहालय आता एनएफडीसीचा भाग आहे. त्यांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक मराठी चित्रपटाची यादी लोकांसमोर ठेवावी: कुठली प्रत, कुठल्या अवस्थेत, हक्क कुणाकडे. आज कितीदा हक्क कुणाकडे आहेत हे शोधण्यातच उत्साह संपतो.

दोन, ज्यांचे साठ वर्षांचे हक्क संपले ते चित्रपट दुरुस्त झाल्यावर पूर्ण चौकटीत, शिक्का न मारता सगळ्यांना उतरवून घेता यावेत.

तीन, ज्यांचे हक्क चालू आहेत त्यांच्या मालकांनी प्रकाशनपूर्व नोंदणी उघडावी. हजार नावं झाली तर काम सुरू करा, नाही झाली तर पैसे परत. यात तुमचा तोटा काय? आणि ज्यांनी हे सिनेमे बनवले त्यांच्यातले काही जण अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांना माईकसमोर बसवा. कुठला प्रसंग कुठे चित्रित झाला, काय कापलं, का कापलं. दहा वर्षांनी या मुलाखतीला पैसे असतील, माणूस नसेल.

आणि चार, आपल्यासाठी. नोंदणी उघडली की 'सावकाश बघू' म्हणू नका. दोन पिझ्झे आणि एका मल्टिप्लेक्सच्या रविवारची ती किंमत आहे.

आजी परत गावी गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या बारीला येईन तेव्हा ते पायवालं गाणं लाव." मी हो म्हणालो आहे. ती ऐंशीची आहे, फिल्म त्याहून लहान पण जास्त आजारी, आणि माझे अडीच हजार तयार आहेत. कुणाला पाठवायचे तेवढं सांगा.